पोसलेलं झाड आणि त्याच्यावरची कीड

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हांला फोन करून विचारले, की तत्त्वज्ञान शिकवण्यात उभी हयात घालवलेला माणूस खतं आणि मावा यांच्यावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही काही कीटकशास्त्रज्ञ नव्हे. पण एक विधान असं आहे, की ते आपण सगळेच खरं धरून चालतो, त्यावर पैसे खर्च करतो, आणि शेवटी त्याच्या पायी घरात विषारी औषधाची बाटली आणतो. ते विधान म्हणजे, 'झाडाला नीट खाऊ-पिऊ घातलं की त्याला कीड लागत नाही.' विधानं तपासणं हा आमचा जुना धंदा. तेव्हा या विधानापुरतं आज आपण बोलू, आणि शास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले आहेत ते त्यांच्याकडून उसने घेऊ.

हे विधान आपल्याला खरं का वाटतं, ते आधी बघा. आपल्या डोळ्यासमोर असतं लहान मूल. खायला नीट मिळालं की मूल आजारी कमी पडतं, ताप आला तरी लवकर उठून बसतं. मग गुलाबाचंही तसंच असणार, असं आपण गृहीत धरतो. याला दृष्टांत म्हणतात, आणि दृष्टांत म्हणजे पुरावा नव्हे. मुलाला आजारी पाडणारे जंतू आणि गुलाबाच्या कोंबावर बसलेला मावा यांच्यात मोठा फरक आहे. मावा हा तिथे जेवायला आलेला आहे. गुलाब हे त्याचं ताट आहे. तेव्हा दृष्टांत द्यायचाच तर कुरणाचा द्यावा. दोन कुरणं शेजारी-शेजारी आहेत, एक वाळकं आणि एक हिरवंगार, लुसलुशीत. गुरं कुठल्या कुरणात शिरतील? हा प्रश्न कोणी विचारतसुद्धा नाही. मग ताट जास्त चविष्ट केलं तर जेवणारे कमी होतील, असं आपल्याला का वाटावं?

आता गाभ्याकडे येऊ. तो आहे नत्र, म्हणजे नायट्रोजन. प्राण्याचं शरीर प्रथिनांचं बनलेलं, आणि प्रथिनं नत्राशिवाय होत नाहीत. कीटकाचं शरीर वाळवून तोललं तर त्यात साधारण ७ ते १४ टक्के नत्र निघतं. वनस्पतीत ते पुष्कळदा २-३ टक्क्यांच्या आसपास असतं, कोवळ्या पालवीत थोडं जास्त, जून पानात आणि लाकडात फारच कमी. म्हणजे पानं खाऊन जगणाऱ्या किड्याची अडचण ही, की जेवण भरपूर आहे पण त्यात सत्त्व कमी. विल्यम मॅटसन यांनी १९८० साली या विषयाचा एक मोठा आढावा लिहिला, तो आजही वाचला जातो. ऑस्ट्रेलियाचे टी. सी. आर. व्हाइट यांनी तर असं मांडलं, की भोवती हिरवं रान पसरलेलं असूनही शाकाहारी प्राणी बहुतांशी उपाशीच असतात, कारण त्यांना हवं ते नत्र त्या हिरव्यात पुरेसं नसतं. हिरव्या रानातली उपासमार! एकदा ही गोष्ट ध्यानात आली की बागेकडे बघण्याची नजर बदलते.

मावा काय करतो बघा. तो आपली सोंड पानाच्या किंवा कोंबाच्या त्या नळीत खुपसतो जिच्यातून झाड साखरेचा रस इकडून तिकडे पाठवतं. या रसात साखर उदंड आणि अमिनो आम्लं नाममात्र. हवी तेवढी अमिनो आम्लं मिळवायची तर माव्याला रस भरमसाट प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर तो मागच्या बाजूने टाकून देतो. आपल्या जास्वंदीची खालची पानं चिकट होतात, त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागते, आणि पुढे काजळी धरल्यासारखी काळी बुरशी चढते, ते सगळं त्या टाकून दिलेल्या साखरेमुळे. काजळी पुसत बसणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पुसायला हरकत नाही, पण गळका नळ वर आहे.

आता या झाडाच्या मुळाशी आपण युरिया टाकला. युरियात ४६ टक्के नत्र. झाड ते उचलतं, रसातली अमिनो आम्लं वाढतात, नवे धुमारे फुटतात, पेशी मोठ्या आणि त्यांच्या भिंती पातळ. माव्याच्या दृष्टीने हे म्हणजे लग्नाची पंगत बसली. त्यातून मावा नराची वाट बघत नाही. आपल्या हवामानात बहुतेक वेळ माद्या नराशिवायच पिल्लं देतात, अंडी घालण्याचा टप्पासुद्धा गाळून, आणि ती पिल्लं आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः आई होतात. पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, खवले कीड ही सगळी याच रसावर जगणारी भावंडं.

लाल कोळी यांच्यातला नव्हे. तो कीटकच नाही, त्याला आठ पाय, कोळ्याच्या नात्यातला. (म्हणूनच साध्या कीटकनाशकाने तो पुष्कळदा मरत नाही, आणि दुकानदार 'आणखी कडक' औषध हातात देतो.) तो नळीतला रस पीत नाही, पानाच्या पेशीच एकेक करून रिकाम्या करतो. म्हणून पानावर आधी बारीक फिकट ठिपके दिसतात, मग पान तांबूस पडतं, खाली जाळी दिसते. पण पेशीत नत्र जास्त असलं की त्याचीही मादी अधिक अंडी घालते. उन्हाळ्यात त्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते. इथे थोडं गणित करू, केवळ समजण्यापुरतं. समजा उपाशी पानावर एका मादीच्या मागे २० मुली जगतात आणि पोसलेल्या पानावर ३०. फरक दिडीचा, फार नाही वाटत. तीन पिढ्यांनी, म्हणजे महिनाभरात, पहिल्या झाडावर २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८,००० होतात. दुसऱ्यावर २७,०००. दिडीचा फरक सव्वातीन पटींच्या वर गेला. ज्यांनी आयुष्यात कर्ज काढलं आहे त्यांना चक्रवाढ व्याज समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हांला सगळ्यांत आवडते, कारण तिचं नावच आमच्या प्रांतातलं आहे. डॅनिएल हर्म्स आणि मॅटसन या दोघांनी १९९२ साली एक निबंध लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ असा, की 'वनस्पतींपुढचा पेच: वाढावं की बचाव करावा'. झाडाकडे उन्हातून मिळवलेली साखर मर्यादित असते. तिच्यातून पानं-फांद्या करायच्या की टॅनिनसारखी कडू, तुरट, पचायला जड द्रव्यं करून पानांत भरायची? नत्र आणि पाणी भरपूर मिळालं की वाढीचा कारखाना जोरात चालतो आणि साखर तिकडे ओढली जाते. बचावाच्या वाट्याला उरतं ते थोडकं. म्हणजे खताने दोन गोष्टी एकदम होतात: ताटातलं सत्त्व वाढतं आणि दारावरचा पहारा ढिला पडतो. झाड हे जाणूनबुजून ठरवतं असं नव्हे, हे सांगायला हवं, नाहीतर आमचेच विद्यार्थी उद्या उठून झाडाच्या इच्छास्वातंत्र्यावर चर्चासत्र घेतील.

इथपर्यंत तर्क झाला. पण तर्क कितीही सुरेख असला तरी प्रत्यक्षात तसं घडतं का, हे बघायला हवं. आपल्याकडे कारण शोधण्याची जुनी रीत आहे, अन्वय आणि व्यतिरेक. ते असलं की हे असतं, ते नसलं की हे नसतं. बागेत मात्र ही रीत नीट चालत नाही. पुण्यात आपण पावसाळा सरला की ऑक्टोबरात गुलाब छाटतो, त्याच आठवड्यात खत देतो, पाण्याची पाळी बदलतो, आणि हवाही गार होऊ लागते. महिन्याने मावा आला. कशामुळे आला? खताने? छाटणीनंतर फुटलेल्या पालवीने? गारव्याने? कावळा बसला आणि फांदी मोडली, असा काकतालीय प्रकार नसेल कशावरून? म्हणून हरितगृहातले प्रयोग महत्त्वाचे. एकाच जातीची, एकाच वयाची कलमं, तेच पाणी, तीच हवा, कीड मोजून सोडलेली, आणि फक्त खताचं प्रमाण वेगवेगळं. शेवंतीवर मावा आणि फुलकिडे, गुलाबावर लाल कोळी, असे प्रयोग अमेरिकेत झालेले आहेत. नत्र वाढलं तशी कीड वाढली, हे त्यांत पुन:पुन्हा दिसलं.

हर्म्स यांनीच पुढे २००२ साली शोभेच्या झाडा-झुडपांवरचे तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. खताने झाड किडीला तोंड द्यायला समर्थ होतं, हा बागकामाच्या पुस्तकांतून मुरलेला समज. तपासणीत निघालं ते उलट: पुष्कळ ठिकाणी प्रतिकार घटतो, काही ठिकाणी फरक पडत नाही; वाढल्याचा भरवशाचा पुरावा काही मिळाला नाही.

आता कोणी म्हणेल, 'सर, पण आमची सुकत चाललेली झाडंच आधी किडतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.' त्यांचंही खरं आहे. हा वाद शास्त्रातही झाला. व्हाइट यांनी १९६९ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांवर येणाऱ्या एका रसशोषक किडीचा अभ्यास केला आणि मांडलं की ताण बसलेल्या झाडावर कीड उसळते. उलट पीटर प्राइस यांनी ॲरिझोनात विलोच्या झाडांवर गाठी करणाऱ्या माशा पाहिल्या आणि १९९१ साली लिहिलं की कीड जोमदार धुमारेच निवडते. एक म्हणतो अशक्तावर, दुसरा म्हणतो सशक्तावर. दोघांनीही नीट पाहिलेलं. मग?

आम्हांला वाटतं इथे 'अशक्त' आणि 'सशक्त' या शब्दांनीच घोटाळा केला आहे. ते शब्द झाडाच्या बाजूने लावलेले आहेत, आणि किडीला झाडाच्या प्रकृतीशी काही देणंघेणं नाही. तिला हवं आहे विरघळलेलं, लगेच पचेल असं नत्र. ते झाडात दोन वेळा मोकळं होतं. नवी पालवी बांधली जात असते तेव्हा, आणि जुनं पान मोडत असतं तेव्हा. पाण्याचा ताण बसला की झाड पानांतली प्रथिनं मोडून अमिनो आम्लं परत ओढू लागतं. त्या वाहत्या मालावर काही किडी टपलेल्या असतात. व्हाइट यांनी स्वतःच पुढे किडींचे असे दोन गट मानले, पालवी खाणाऱ्या आणि पिकत चाललेलं पान खाणाऱ्या. खोडकिड्यांची गोष्ट आणखी वेगळी; त्यांना तहानलेलं, चीक किंवा डिंक न सोडणारं खोड सोपं जातं. आणि सुरवंटासारख्या पानं कुरतडणाऱ्या किड्याचं तर असंही दिसतं, की पान निकस असलं तर तो तेवढंच नत्र मिळवण्यासाठी जास्त पान खातो. तेव्हा 'उपाशी ठेवा, कीड जाईल' हाही निष्कर्ष काढू नका. पालाशाची, म्हणजे पोटॅशची कमतरता असली तर झाडाला अमिनो आम्लांची प्रथिनं नीट करता येत नाहीत आणि ती रसात तशीच साठतात, मग मावा आलाच. स्फुरदाविषयी एवढं ठळक काही सांगता येत नाही, ते सोडून देऊ.

एक भेद मात्र मनात पक्का करा. प्रतिकार वेगळा आणि सहनशक्ती वेगळी. कीड बसूच न देणं किंवा तिला वाढू न देणं हा प्रतिकार. कीड बसली, तिने खाल्लं, तरी झाड पुन्हा फुटून उभं राहिलं, ही सहनशक्ती. खताने प्रतिकार घटत असला तरी सहनशक्ती बऱ्याचदा वाढते. 'खत दिलं आणि झाड सुधारलं' असं जे लोक म्हणतात ते खोटं बोलत नसतात. ते दुसऱ्याच गोष्टीविषयी बोलत असतात. कुंपणाची जास्वंद असेल तर सहनशक्ती पुरते, चार पानं वाकडी झाली म्हणून काय बिघडलं? पण जरबेऱ्याच्या पाकळीवर फुलकिड्यांनी पांढरे चट्टे पाडले की ते फूल बाजारात कोणी हातात धरत नाही. झाड ठणठणीत आहे, हे व्यापाऱ्याला सांगून बघा. फुलझाडांच्या बाबतीत जिचा सौदा होतो ती गोष्ट आणि जी कोवळी असते ती गोष्ट एकच आहे, हाच सारा त्रास.

तळेगाव दाभाडे आणि मावळातली गुलाबाची हरितगृहं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तिथे ठिबकच्या पाण्यातूनच रोज खत जातं. १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी फूल नेमक्या दिवसांत यायला हवं, दांडा लांब हवा, कळी मोठी हवी; तेव्हा खताला हात आखडता घ्यायला कोणी धजत नाही. नुकसान झालं तर वर्षाची कमाई जाते, आणि खताचं आणखी एक पोतं त्या मानाने स्वस्त. हा हिशोब आम्ही मूर्खपणाचा म्हणणार नाही. पण त्या हिशोबात एक रकाना कोरा राहतो. खत वाढलं, कोवळीक वाढली, फेब्रुवारी उतरताना हवा तापली आणि कोरडी झाली, लाल कोळी उसळला, फवारण्या सुरू झाल्या. लाल कोळ्याच्या पिढ्या इतक्या झपाट्याने होतात की तो औषधांना सरावतोही लवकर. मग औषध बदला, मात्रा वाढवा. आणि त्या बंदिस्त, उबदार जागेत फवारणाऱ्या माणसाच्या तोंडाला पुष्कळदा एक साधा रुमाल बांधलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं काढायला बायका त्याच ओळींतून फिरतात. खताच्या पोत्याची किंमत लिहिताना हे कुठे लिहिलं जातं?

औषधंसुद्धा कधी उलटतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या एल्म वृक्षांना एका भुंगेऱ्याच्या बंदोबस्तासाठी इमिडाक्लोप्रिड दिलं, तर त्यांच्यावर लाल कोळ्याच्या जातीचा उपद्रव वाढला, हे २०११ साली प्रसिद्ध झालं. त्याचे शत्रू तर गेलेच, शिवाय औषधाने झाडाच्या रसायनात असा काही बदल झाला की कोळ्याची अंडीही वाढली. हेच औषध आपल्याकडे बाल्कनीतल्या गुलाबासाठी सर्रास दिलं जातं.

'आम्ही फक्त सेंद्रिय वापरतो' असं म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. मुळं नत्र घेतात ते मुख्यत: नायट्रेट आणि अमोनियम या रूपांत. ते पोत्यातून आलं की गोठ्यातून, हे मुळाला कळत नाही. शेंगपेंडेत साधारण ७ टक्के नत्र असतं. ती आठवडाभर आंबवून तिचं पाणी दर रविवारी कुंडीत ओतलं तर तो युरियाचाच मंद भाऊ झाला. शेणखताचा, गांडूळ खताचा गुण त्यांच्या पावित्र्यात नाही, सावकाशीत आहे. कुजून नत्र मोकळं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे झाडाला एकदम मेजवानी मिळत नाही. तुम्ही घाई केलीत की तो गुण गेला.

मग करायचं काय? पाण्यात विरघळणारं खत, ते १९:१९:१९ असो की आणखी काही, पुडीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्या मात्रेने सुरुवात करा आणि पानांचा रंग बघा. पान फिकट नाही, कळ्या येताहेत, तर झाड मागत नाहीये. त्याला आग्रह करू नका. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करण्याची जी खोड आहे ती कुंडीशी नको. छाटणीनंतर लगेच युरिया तर मुळीच नको. आठवड्यातून एकदा कोंबाची टोकं आणि पानांची मागची बाजू उलटून बघा. मावा दिसला तर बोटाने चिरडा किंवा पाण्याची जोराची धार मारा, निम्मं काम तिथेच होतं. मुंग्या चढत असतील तर आधी त्यांची वाट तोडा, कारण त्या साखरेसाठी माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकून लावतात. ऑस्ट्रेलियातला एक ढालकिडा, क्रिप्टोलीमस त्याचं नाव, १८९८ साली आपल्या देशात मुद्दाम आणला गेला. आज तो पिठ्या ढेकणावर सोडतात. त्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे धागे वागवते, अगदी पिठ्या ढेकणासारखीच दिसते. ती चिरडू नका. जरा थांबून बघा, चालताना ती बरीच चपळ असते.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या दोन घेऊ.

पहिली: 'कीड पडलेल्या झाडाला ताकद यावी म्हणून खत द्यावे का?' नाही. आधी कीड आटोक्यात आणा, मग पंधरा दिवस थांबा, नवी फूट कशी येते ते बघा. खालची पानं आधीपासूनच सरसकट पिवळी पडत असतील, म्हणजे नत्राची खरीच उणीव असेल, तर थोडं, मुरलेलं शेणखत द्या.

दुसरी चिठ्ठी कुणा ताईंची दिसते: 'आमच्याकडे आजी जास्वंदीला चुलीची राख घालायची, मावा नसायचा. राख चालेल का?' राखेत पालाश आणि चुना असतो, नत्र जवळजवळ नसतं; ते जळताना उडून जातं. म्हणजे आजीबाई झाडाला नत्राशिवायचं खत देत होत्या, आणि कोरडी राख कोंबावर भुरभुरली तर माव्याला त्रासही होतो. चिमूटभर चालेल. पण आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, त्यात कुंडी लहान, आणि राख ओंजळीने घातलीत तर झाडाला लोह मिळेनासं होतं. कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आजीची जास्वंद अंगणात होती, तिची मुळं दूरवर पसरलेली होती. तुमची कुंडी किती इंचांची आहे, ते चिठ्ठीत लिहिलेलं नाही.